नवरीच्या खुर्चीतली सुमन

सुमन, अख्ख्या चौलचे फोटो काढलेस आणि स्वतःचा एक धड ठेवला नाहीस. तेराव्याला भिंतीवर लावायला तुझा फोटो हवा म्हणून मी दोन्ही हार्ड डिस्क पालथ्या घातल्या, तेव्हा रडू यायच्या आधी मला तुझा राग आला. बारशी, साखरपुडे, सत्यनारायण, दत्ताच्या जत्रेतले पाळणे, कुणाच्या तरी नव्या टेम्पोला घातलेला हार, सगळं जागच्या जागी. तू मात्र कुठे आरशाच्या कोपऱ्यात, कुठे नवरदेवाच्या गॉगलमध्ये इवलीशी, तोंडासमोर कॅमेरा धरलेली. आधार कार्डावरचा एक आहे, पण तो पाहून पोलीस पकडून नेतील असं तूच म्हणाली होतीस.

या कामात आपण लोकांना कधी ताटकळत ठेवलं नाही. गावात कुणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या घरचं माणूस मोबाइल घेऊन आपल्या पायरीशी उभं राहायचं. लग्नातल्या घोळक्यातून त्या एकाला बाजूला काढायचं, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, चेहरा नीट करायचा आणि तेराव्याच्या आत फ्रेम पोचवायची. घाई चालेल, हयगय चालणार नाही, असं तू बजावायचीस. या खेपेला पायरीवरचं गिऱ्हाईकही मीच होते आणि दुकानातही मीच.

त्यात आईंनी सांगून ठेवलं. तू गेल्यापासून त्या ओटीवरच्या खाटेवरच असतात. समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून झाला होता, त्या खिळ्याकडे बघत म्हणाल्या, "सुमनचा फोटो करशील तवा जरा उजळ कर गो. शेवटचा हाय." मी हो म्हटलं. लेक गेलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण तुझा नियम मला माहीत होता, आईंनाही माहीत होता. ज्या एका गोष्टीवरून तू माझ्याशी जन्मभर भांडलीस तीच तुझ्यावर करायची पाळी माझ्यावर आली, आणि जाब विचारायला तू नाहीस.

आपलं पहिलं बोलणं आठवतं का? पालीला, आमच्या मांडवात. वरपक्षाकडून फोटोग्राफर आला, तो नवऱ्याची बहीणच निघाली. जरीच्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात तुझ्या वडिलांचा, आप्पांचा, जड कॅमेरा, आणि करवलीचा दिवा धरायला तू कुणा चुलतबहिणीला उभं केलेलं. आमची मावशी आईच्या कानात पुटपुटत होती की ही कसली नणंद, पोरीच्या नशिबी काय वाढून ठेवलंय कोण जाणे. अक्षता पडल्या, मी मान खाली घालून रडत होते, आणि तू जवळ येऊन हळूच म्हणालीस, "वयनी, हनुवटी वर. रड, पन वर बघून रड." मी मुकाट्यानं हनुवटी वर केली. माझ्या लग्नाच्या अल्बममधला तेवढाच फोटो अजून बघावासा वाटतो.

सुरुवातीला मी रीतीप्रमाणे तुला सुमनताई म्हणायची. तू माझ्याहून धाकटी, तुला ते खपेना. ताई म्हटलंस तर प्रत्येक फोटोत म्हातारी काढीन, अशी धमकी दिलीस, आणि ती धमकी तू खरी केली असतीस. माझा नवरा न्हावा शेव्याला बंदरात कामाला, सुट्टीपुरता घरी. त्यामुळे माझा संसार खरं म्हणजे तुझ्याशीच झाला. हे मी त्यांच्यासमोरही म्हणते. परवा म्हटलं तर ते हसले नाहीत, उठून वाडीत गेले आणि सुपारीच्या झाडांना पाणी लावत बसले. पाणी सकाळीच लावून झालं होतं.

फिल्मचे दिवस संपले तेव्हा घरात सुतक असल्यासारखं होतं. आप्पांनी सुपारीच्या कोठीची डार्करूम केली होती, तिथे टेबल टाकून संगणक आला. मी बारावीनंतर पालीत क्लास केलेला, कुठेतरी कारकून होईन म्हणून. त्या क्लासच्या जोरावर माउस माझ्या हातात आला आणि कॅमेरा तुझ्याकडे राहिला. तुला ते यंत्र मुळीच आवडलं नाही. लाल दिव्याखाली पाण्यातून चेहरा हळूहळू वर यायचा, इथे तो धाडकन येतो, त्याला काही लाजच नाही, असं तू म्हणायचीस. मी फोटोशॉपमध्ये डोकं घालून बसले की तू दारातूनच सूचना करायचीस, आत यायची नाहीस.

आत आलीस ती त्या गुलाबी मांडवामुळे. हौशी वधूपित्यानं छताला गुलाबी कापड लावलं होतं, आणि भर दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येत होतं. फोटोत सगळं वऱ्हाड उकडलेल्या कोळंबीसारखं दिसत होतं. मी गुलाबी रंग कमी करून करून रडकुंडीला आले. तू दारातून म्हणालीस, रंग सगळाच काढ, आधी उजेड कुठं हाय ते बघू. म्हणून मी मूळ फोटोवर एक काळा-पांढरा लेयर चढवला. लेयर म्हणजे नुसता थर, खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. तू आत आलीस, स्टूल ओढलंस आणि म्हणालीस, "हां. आता दिसला."

मग त्या काळ्या-पांढऱ्यात बोट ठेवून तू मला एकेक दाखवत गेलीस. उजेड डावीकडून, परड्याच्या बाजूनं येतोय. नवरीचं कपाळ ठीक, नवऱ्याचा गाल मेलाय, मागच्या आजीचे डोळे खोबणीत बुडालेत. मला रंगांच्या गर्दीत यातलं काही दिसलं नव्हतं. मी आपली चाळा म्हणून त्या थराचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे तो खालच्या फोटोत कसा मिसळतो ते, बदलत होते, यादीतून एकेक खाली. शेवटच्या नावावर, ल्युमिनॉसिटीवर आले, आणि रंग सगळे परत आले, पण उजेड-सावलीची खोली तशीच राहिली. तू माझं मनगट धरलंस. "थांब. आता ह्याला हात लावू नको." गुलाबी मी नंतर वेगळा उतरवला, पण त्या दिवशी दुपारचं जेवण आपण संध्याकाळी जेवलो. आईंनी दोघींना मिळून शिव्या घातल्या.

रंग खालच्या थराचा, उजेड वरच्या थराचा. एवढंच ते गुपित. वरच्या थरात प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. निळ्याची खाली ओढली की रेवदंड्याचं पांढरंफटक आभाळ भरून येतं, पिवळ्या-हिरव्याची वर केली की वाडीतला अंधार सुटा होतो. कधी ल्युमिनॉसिटी जास्त कडक वाटली तर सॉफ्ट लाइट हा दुसरा मोड लावायचा आणि ओपॅसिटी, थराचा दाटपणा, अगदी कमी ठेवायची. मी हे पाठ केलं, तुला ते समजलं. एकदा थंडीत शेंगा भाजायला पोपटीचं मडकं लावलं होतं, वाडीत सगळे जमलेले. गावातल्या कुणाच्या तरी जावयानं विचारलं की फोटोत रंग तर दिसतोय, मग वरती काळं-पांढरं ठेवता कशाला? तू मडक्यातून वालाच्या शेंगा काढत होतीस. वरचा भांबुर्ड्याचा पाला उचलून त्याच्या नाकाशी धरलास आणि म्हणालीस की हा कुणी खात नाही, पण हा नसेल तर शेंगा नुसत्या उकडलेल्या. त्याला कळलं की नाही कोण जाणे. मला त्यानंतर कधी विसरता आलं नाही.

आता बायआजीच्या बॅनरचं. हे लिहायचंच आहे, कारण तू कधी कबूल केलं नाहीस. बायआजीची पंचाहत्तरी होती, नातवंडांनी नाक्यावर बॅनर लावायचा ठरवला आणि फोटो आपल्याकडे आला. तू नेहमीसारखा आधी काळा-पांढरा थर चढवून उजेड पाहिलास, पट्ट्या फिरवल्यास, छान केलंस, आणि मोड बदलायचा विसरून फाइल अलिबागच्या बॅनरवाल्याला धाडून दिलीस. त्यानं भोवती गुलाब टाकले, फुगे टाकले, मोठ्या अक्षरात शुभेच्छा लिहिल्या, आणि मधोमध बायआजी काळी-पांढरी. सकाळी नाक्यावरून जाणाऱ्या कुणी अक्षरं वाचली नाहीत. आपल्याकडे काळा-पांढरा फोटो दिसला की माणूस हात जोडतो आणि पुढे जातो.

नऊच्या आत लोक तिच्या घरी यायला लागले. भजनी मंडळाचा निरोप आला की कधी उचलायचं. आजीची लेक उरणवरून मिनीडोर रिक्षा भरून माणसं घेऊन आली, ती वळणापासूनच गळा काढून. आजी दारात मासे साफ करत बसलेली. लेकीनं तिला पाहिलं आणि जास्तच मोठ्यानं रडायला लागली. आपण दोघी माफी मागायला गेलो तेव्हा तू वाटेत सगळं माझ्यावरच ढकलत होतीस, फाइल मीच पाठवली असणार, माउस माझ्याकडे असतो म्हणून. बायआजीनं आपल्याला बसवलं, चहा दिला. म्हणाली, "कोन रडला, कोन नुसता चा पिऊन गेला, समदा बघून ठेवलाय मी. ह्योच फोटो फ्रेम करून द्या. रंगातल्या फोटोत मी गौर दिसते. ह्याच्यात माझ्यासारखी दिसते." फ्रेम तू स्वतः नेऊन दिलीस. परत येताना रस्ताभर हसत होतीस आणि तरीही खापर माझ्याच डोक्यावर फोडत होतीस. सुमन, ती तूच पाठवली होतीस. मेलवर तुझं नाव आहे.

तुझ्या नियमाकडे येते. तो कुठून आला ते तू मला वाल सोलताना सांगितलंस, भाजीचा भाव सांगावा तसं. मी या घरात येण्याआधीची गोष्ट. तुझं स्थळ बघायला सुरुवात झाली आणि आप्पांनी तुझा दाखवायचा फोटो काढला. तू सावळी, आप्पांसारखी. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की छापील फोटोत तो भाग गोरा येतो, आणि आप्पांचा तो हात अख्ख्या तालुक्यात वाखाणला जायचा. त्यांनी तुझ्या चेहऱ्यावर पेन्सिल फिरवली. फोटो धाडला, होकार आला. मग पाहुणे मुलगी बघायला आले, ओटीवर बसले, पोहे खाल्ले, घरी गेले आणि नकार कळवला. "फोटो पसंत पडला, मी न्हाय," असं म्हणून तू इतकी हसलीस की वालाची टोपली उपडी झाली. मीही हसले, आणि मग मला हसता येईना. तू मात्र खाली वाकून वाल गोळा करत होतीस.

त्यानंतर तू कुणाला फोटो पाठवू दिला नाहीस. त्यामुळेच तुझं लग्न राहिलं असं मी म्हणणार नाही. तू कॅमेऱ्यात रमलीस, आणि कुणी बिचारी म्हटलं की तू त्याला पुढच्या फोटोत डोळे मिटलेला काढायचीस. पण आपल्या स्टुडिओत माणूस गोरा करून मिळणार नाही, हे तू ठरवलंस. त्याची पाटीसुद्धा रंगवणार होतीस. मी म्हटलं, पाटी लावायची तर मी पालीला जाते, मग गिऱ्हाइकाला तूच समजाव.

कारण आपलं गिऱ्हाईक तेच तर मागायचं. जरा उजळ करा. काळ्या-पांढऱ्या थरातली लाल पट्टी उजवीकडे सारायची, की कातडी उजळलीच. आप्पांच्या पेन्सिलीला जे करायला दुपार लागायची ते दोन बोटांत. तू म्हणायचीस, लाल वाढवलास की कुंकू उडतं, ओठ उडतात, बघ. मी म्हणायची, कुंकवाला मास्क लावते, ते तसंच राहील. तू म्हणायचीस, "कुंकू वाचवशील. माणसाला कुठला मास्क लावनार?" मग मी चिडायची. माझं म्हणणं साधं होतं, ते अजून तेच आहे. फोटो त्यांचा, चेहरा त्यांचा. उन्हातान्हात लावणी करून रापलेली बाई वर्षातून एकदा नटून येते, तिला आरशापेक्षा थोडं बरं दिसायचं असेल तर आपण कोण अडवणार? तू बाहेर शूटिंगला गेलीस की मी द्यायची उजळ करून, आणि तू आलीस की सांगायचीही. मग चहा होईपर्यंत तुझा अबोला. चहा मीच करायची.

शेवटचं भांडणही त्यावरूनच. नागावची ती मुलगी बायोडेटाचा फोटो काढून गेली होती आणि तिच्या आईनं तेच वाक्य टाकलं होतं. मी पट्टीवर हात ठेवला, तू मागून म्हणालीस, "ती पोरगी उद्या त्या फोटोच्या बाजूला उभी ऱ्हानार हाय. दोघींत हरनार कोन?" मी म्हटलं, चहा गार होतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं, पित्त असेल म्हणालीस, आणि दुपारपर्यंत आमच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. मी तुला उत्तर देणं लागत होते असं नाही. पण चहाचं बोलणं शेवटचं ठरलं, हे मला आवडलेलं नाही.

तर फोटो. आधार कार्डावरचा घ्यायचा असं जवळजवळ ठरवलं होतं, तेवढ्यात मला टेस्टचे फोटो आठवले. लग्नाच्या हॉलवर पोचलो की वऱ्हाड यायच्या आत आपण दिवे लावून बघायचो. स्टेजवरच्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं, उजेड कुठून कसा पडतो ते बघायला. दिव्याला छत्री लावायची मी, दिव्यांची उंची ठरवायचीस तू, मग एकदा तुला दाखवायला म्हणून मी कॅमेरा घ्यायची आणि तू बसायचीस. नवरीच्या खुर्चीत. लवकर काढ, खरी येईल, म्हणायचीस. काम झालं की ते फोटो पुसायचे असं तुझं सांगणं होतं. मी पुसले नाहीत. कशासाठी ठेवले ते मलाही माहीत नाही, कदाचित तू पुसायला सांगितलंस म्हणूनच.

ते सगळे संगणकातच एका फोल्डरात होते, सुमन. किती लग्नं केली आपण, तितक्या वेळा तू नवरीच्या खुर्चीत. कुठे लेन्सचं झाकण तोंडात धरलेलं, कुठे खोटं लाजतेस, कुठे आयोजकाला ओरडतेस, कुठे पाय वर घेऊन चप्पलचा पट्टा दुरुस्त करतेस. मागे कधी थर्माकोलचे मोर, कधी झेंडूच्या माळा. पाच-सहा पाहिले आणि मी संगणक तसाच सोडून परड्यात जाऊन रडले. पोटभर रडले. मग तोंड धुऊन परत आले, कारण तुझ्या कामात हयगय करायची मला भीती वाटली.

रेवदंड्याच्या हॉलमधला निवडला. लाल मखमली खुर्ची, सोनेरी पाठ. डावीकडून उजेड. तू माझ्याकडे बघून काहीतरी बोलतेस, बहुतेक मी छत्री वाकडी लावली होती. एक भुवई वर, कपाळावर घाम, बारीक लाल टिकली, हसू अर्धं बाहेर आलेलं.

दुपारी आईंना हाताला धरून आत आणलं आणि तुझ्या स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकाला समोर बसवून काम करायचं ही तुझीच पद्धत. फोटो बघून त्यांनी आधी खुर्चीचं विचारलं, कुणाच्या लग्नातली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बसलेय मात्र झोकात. मग मी काळा-पांढरा थर चढवला तशा त्या दचकल्या. रंगासकट तू पुन्हा एकदा गेलीस असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थांबा म्हटलं, आणि मोड बदलला. रंग आले. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

आणि मग मी लाल पट्टी उजवीकडे सारली. कबूल केलं होतं ना. तुझा चेहरा उजळत गेला, गाल गुळगुळीत झाले, टिकली फिकट झाली, मागची मखमल गुलाबी पडली. आई म्हणाल्या, "हां. अशी." माझ्या मनात आलं, झालं, मी जिंकले. गिऱ्हाईक खूश. इतकं वाईट जिंकणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी प्रिंटची तयारी करायला लागले. आई बघतच होत्या.

मग म्हणाल्या, "ह्यो त्योच फोटो झाला गो."

मला आधी कळलं नाही. त्या स्क्रीनकडेच बघत बोलत होत्या. "त्या पाव्हन्यांना धाडलेला. मीच सांगितलेलं ह्यांना, पोरीला जरा उजळ करा म्हनून. ते फोटो पसंत करून आले न माझी पोर टाकून गेले." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आता मी पन फोटोच पसंत करू?"

म्हणजे आप्पा नव्हे, आई होत्या. तुला हे माहीत होतं का? असावं. आप्पा होते तोवर त्यांच्यावर राग धरताना मी तुला कधी पाहिलं नाही, आणि आईंशी तू बारीकसारीक गोष्टीवरून तंडायचीस. मला वाटायचं मायलेकी आहेत, चालायचंच. आईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, काढून टाक ते, माझी सुमन दे.

मी पट्टी परत आणली. परत आणून तिथे थांबले नाही, तू करायचीस तशी थोडी आणखी डावीकडे नेली. तुझा रंग भरला. कपाळावरचा घाम चमकला, डोळ्यांत त्या हॉलचा दिवा दिसायला लागला, टिकली लाल झाली, खुर्ची लाल झाली. वरचा थर कुणाला दिसत नाही, पण त्याच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह मिटवून तो बंद केला तर तू सपाट होतेस, मी करून पाहिलं. आईंनी स्क्रीनवर हात ठेवला, तुझ्या गालावर. बोटांचे ठसे अजून आहेत तिथे, पुसणार नाही एवढ्यात. खुर्चीही काढली नाही, राहू दे म्हणाल्या.

म्हणून मी सगळं मान्य केलं असं समजू नकोस. नागावच्या मुलीचा फोटो तसाच पडलाय. तू नाही म्हणायचीस, मी हो म्हणायची, तिची आई उजळ म्हणायची, आणि त्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. तिला बोलावलंय. तुझ्या स्टुलावर बसवून पट्टी तिच्याच हातात देणार आहे. तुला हे अर्धंच पटलं असतं, मलाही अर्धंच पटतंय.

परवा तेरावं झालं. ओटी माणसांनी भरलेली, भिंतीवर तू, नवरीच्या खुर्चीत, भुवई वर करून. बायका येत होत्या, हात जोडत होत्या, आणि किती हसरी होती म्हणत डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यातली एक शेजारणीला म्हणाली, हळू म्हणाली पण ओटीवर सगळ्यांना ऐकू गेलं, की फोटोत काळी दिसते नाय, घरचा स्टुडिओ, जरा उजळ करायचा व्हता. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तू काय म्हणाली असतीस ते माझ्या ओठांवर आलंच होतं.

पण आई खाटेवरून उठल्या. भिंतीला धरून तुझ्या फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. ते पाहुणे पोहे खाऊन उठले होते ना, तीच ओटी. म्हणाल्या, "माझी पोर अशीच व्हती. नीट बघा."

मी चहा दिला. सुमन, हे ऐकायला तू हवी होतीस.